दुःख हा गुन्हा आहे काय?

मेलेले माणूस परत यावे, असे आपल्याला खरोखर वाटते काय? ज्यांच्या घरातून जनाजा उठला आहे ते म्हणतील, हो, वाटते. आणि तरीही मध्यरात्री दार वाजले की आपण दचकतो. ज्याची वाट पाहिली त्याचीच भीती का वाटावी?

गॉटफ्रीड ऑगस्ट ब्युर्गर या जर्मन कवीचे ‘लेनोरे’ हे कथाकाव्य याच प्रश्नाभोवती फिरते. ते १७७३ साली लिहिले गेले आणि ग्योटिंगेन येथील एका वाङ्मयीन वार्षिकाच्या १७७४ च्या अंकात आले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या फौजेबरोबर विल्हेल्म प्रागच्या लढाईला जातो. ही लढाई १७५७ ची. पुढे राजा आणि सम्राज्ञी तह करतात. फौज वाजतगाजत घरी येते, विल्हेल्म येत नाही. त्याची वाग्दत्त वधू लेनोरे आकांत करते आणि देवालाच जाब विचारते. आई परोपरीने समजावते, पण ती ऐकत नाही. त्या रात्री विल्हेल्म काळ्या घोड्यावरून येतो आणि तिला लग्नाच्या शेजेकडे घेऊन निघतो. ती शेज म्हणजे कबर असते. घोडेस्वाराचे कपडे आणि मांस गळून पडते, उरतो सांगाडा. भोवती नाचणारी भुते तिला सुनावतात की, काळीज फाटले तरी देवाशी भांडू नये.

१७९६ साली या कवितेची इंग्रजीत अनेक भाषांतरे झाली. त्यांतले एक वॉल्टर स्कॉटचे होते. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) घोडागाडीतला एक प्रवासी याच कवितेतली एक ओळ दुसऱ्याच्या कानात कुजबुजतो. त्याच कादंबरीत एक नियम आहे: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पिशाच्चाला प्रथम आत येता येत नाही. लेनोरेनेही विल्हेल्मला बोलावलेच होते, आपल्या आकांताने. पुढच्या भयकथांनी घोडा घेतला, मध्यरात्र घेतली, कबर घेतली. देवाला विचारलेला जाब मात्र बहुतेकांनी वाटेतच सोडून दिला.

आम्हाला खरी भीती वाटते ती सांगाड्याची नव्हे, त्या भुतांच्या उपदेशाची. विल्हेल्मला लढाईवर कुणी पाठवले? राजाने. तह कुणी केला? राजाने आणि सम्राज्ञीने. त्यांना कुणी जाब विचारत नाही. सब्राचा धडा मिळतो तो एका रडणाऱ्या मुलीला. माणसे मारली जातात तेव्हा आजही हेच घडते. मारणारा मोकळा राहतो आणि शांत राहण्याचा सल्ला मयताच्या आईला दिला जातो.

सब्र ही मोठी गोष्ट आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण सब्र म्हणजे मुकेपणा नव्हे. आपला लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्याही डोळ्यांत पाणी आले होते. अश्रू आणि श्रद्धा एका काळजात राहू शकतात. आणि सब्र ज्याचे त्याने करायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते.

ब्युर्गरने शेवटी लेनोरेच्या आत्म्यासाठी दया मागितली आहे. ती दया तिला जिवंतपणी, तिच्या दारातच मिळाली असती, तर त्या रात्री ती घोड्यावर बसली असती काय?