घर तुमचं, काम कोणाचं?

आरोंद्यात मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. मालक बहुतेक मुंबईला. सकाळी व्हिडिओ कॉलवर पडवीची भिंत पाडायला सांगतात, संध्याकाळी थांबवतात. कधी मला न विचारता परस्पर गवंड्यालाच फोन जातो. अशा वेळी मी काम सोडलं, तर चूक कोणाची?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम ६७ खाली, उदाहरणच घरदुरुस्तीचं आहे. दुरुस्ती कुठे हवी हे मालकाने दाखवलंच नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाचा दोष ठेकेदाराला नाही. कलम ५३ तर म्हणतं, की एकाने दुसऱ्याला काम करू दिलं नाही, तर ज्याला अडवलं तो करार मोडू शकतो, नुकसानभरपाईही मागू शकतो.

पण नुसतं मत बदलणं म्हणजे अडवणं नव्हे. घरात राहायचंय त्यांना. खिडकी हलवायला सांगावी, जास्तीचे पैसे आणि दिवस द्यावेत. लावलेले चिरे काढायला लावून तारीख मात्र तीच धरली, की ती अडवणूक.

मग हक्क आहे म्हणून केव्हाही निघावं? कौलं उतरवलेली, मिरग तोंडावर, आणि आत मालकाची म्हातारी आई. करार तिने केला नाही, भिजणार मात्र ती. म्हणून आधी स्पष्ट सांगावं, छप्पर झाकावं, झालेल्या कामाचा हिशोब करून उरलेला अ‍ॅडव्हान्स परत द्यावा. मग खुशाल निघावं. त्याला पळून जाणं कोणी म्हणणार नाही.