प्रार्थना आणि हवापालट

प्रार्थनेने मनास शांती लाभते, असे सर्व धर्मांतील अनुभवी पुरुष सांगत आले आहेत. पण जिच्यायोगे शांती लाभली ती प्रार्थनाच होय, असे उलट म्हणता येईल काय? लोणावळ्याची थंड हवा, कार्ल्याच्या लेण्यातील गारवा, पावसाळ्यात मावळावर उतरणारे धुके यांनीही मन निवते. त्यास कोणी उपासना म्हणत नाही. मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष लावल्याने जी शांती मिळते, तिला उपासना म्हणावे की हवापालट? हा प्रश्न कॅथलिक पंथात लोणावळ्याच्याच एका संस्थेच्या प्रवर्तकाच्या निमित्ताने निकरास आला. आणि त्याचे उत्तर केवळ ख्रिस्ती मंडळींच्या उपयोगाचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

हे प्रवर्तक म्हणजे येशूसंघाचे, अर्थात जेसुइट पंथाचे, धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो. त्यांचा जन्म १९३१ साली मुंबईस झाला. त्यांनी पुण्यास सुरू केलेली ‘साधना’ संस्था पुढे लोणावळ्यास आली. १९७८ साली त्यांचा ‘साधना’ याच नावाचा ग्रंथ निघाला. त्यात प्रथम अवधान, मग कल्पना व शेवटी भक्ती असा क्रम आहे. अवधानाच्या भागात श्वास, कानी पडणारे ध्वनी आणि देहाच्या संवेदना यांकडे स्वस्थपणे पाहावयास शिकविले आहे. बौद्ध व योगमार्गी साधकांस हे परिचितच वाटेल. १९८७ साली न्यूयॉर्क येथे डिमेलो वारले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, रोमच्या धर्मपीठाने एक सूचना काढून त्यांच्या लिखाणातील, विशेषतः उत्तरकालीन लिखाणातील, काही मते श्रद्धेशी विसंगत ठरविली. परमेश्वराचे व्यक्तिरूप त्यांत विरून जाते आणि ख्रिस्त हा अनेक गुरूंपैकी एक होऊन बसतो, असा आक्षेपाचा मुख्य रोख होता. ज्याच्यावर आक्षेप, तो उत्तर देण्यास हयात नव्हता.

या वादाचे मर्म कळण्यास येशूसंघाची प्रार्थना इतरांहून कोठे वेगळी पडते हे पाहिले पाहिजे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट याच्या मठांत भिक्षू ठरलेल्या प्रहरी एकत्र जमून स्तोत्रे गातात. सोळाव्या शतकातील आविलाची तेरेसा आणि क्रूसभक्त योहान यांचा मार्ग शब्द व प्रतिमा यांच्या पलीकडील मौनाकडे नेतो. इग्नाशियस लोयोला याने मात्र आपल्या अनुयायांस सामुदायिक स्तोत्रगायनाच्या बंधनातून मोकळे केले. कारण काम बोलावील तिकडे त्यांस जावयाचे होते. त्याऐवजी त्याने त्यांस एक अभ्यासक्रम दिला. सुमारे तीस दिवसांचा, चार ‘सप्ताहांत’ विभागलेला हा क्रम १५४८ साली पोपने मान्य केला. चालणे व धावणे हे जसे देहाचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे, असे इग्नाशियस म्हणे. साधकाने बेथलेहेमची वाट डोळ्यांपुढे आणावी, ती किती लांब, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून जाणारी, हेदेखील पाहावे. सगुण ध्यानाची ही रीत वारकऱ्यास परकी वाटणार नाही. पण या दर्शनाचा शेवट दर्शनात नाही. आरोग्य की रोग, संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान, यांविषयी आधीच आग्रह न धरता मोकळ्या मनाने आयुष्याचा निर्णय करता यावा, हा सर्व खटाटोपाचा हेतू. गीतेतील समत्वाशी याचे नाते उघड आहे.

आता प्रश्न असा की श्वासाचा अभ्यास या परंपरेत उपराच आहे काय? तसे म्हणता येत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर प्रार्थनेचा एकेक शब्द मनात घोळवावा, अशी एक पद्धत खुद्द इग्नाशियसनेच सांगितली आहे. तेव्हा पद्धत पूर्वेकडची म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद टिकत नाही. आणि रोमनेही १९८९ सालच्या एका पत्रात अशा पद्धती सरसकट टाकून द्याव्यात असे म्हटले नव्हते. परंतु आक्षेपाचा दुसरा भाग इतक्यात उडवून लावता येत नाही. इग्नाशियसच्या क्रमात ध्यानाचा शेवट संभाषणात होतो. मित्र मित्राशी बोलतो तसे, किंवा सेवक धन्याशी. मावळातल्याच भंडारा डोंगरावर एकांतात बसणारे तुकाराम महाराज विठ्ठलाशी बोलत, त्याच्यावर रागावत, त्याच्याशी भांडतही. जेथे ऐकणारा कोणी नाही, तेथे भांडणही नाही. अद्वैती म्हणेल की दुसरा उरलाच नाही हीच तर सिद्धी. त्याचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. परंतु दुसरा विरून जाणे निराळे, आणि त्याची अडचण नको म्हणून त्यास दाराबाहेर ठेवणे निराळे.

या दोहोंतील भेद ओळखावा कसा? १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणास खिळलेल्या इग्नाशियसने आपल्याच मनात एक गोष्ट हेरली. शौर्याची व प्रेमाची स्वप्ने रंगविताना त्यास आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने होणारा आनंद मात्र मागे टिकून राही. पुढे त्याने याहून कठोर इशारा दिला: दुष्ट शक्ती देवदूताच्या वेषातही येते, म्हणून समाधान वाटले एवढ्यानेच ते खरे मानू नये, ते कोणीकडे नेते ते पाहावे. समजा, एखादा गृहस्थ आठवडाभर मौन पाळून प्रसन्न मुद्रेने घरी परतला. मावळात जमिनीस सोन्याचा भाव आला आहे, आणि धाकट्या भावाचा हिस्सा याने दडपून ठेवला आहे. त्या मौनाने हा हिस्सा मनात सलू लागला, तर त्यात कोणाचे नाव घेतले होते की नाही याची चौकशी आम्ही फारशी करणार नाही. पण सल होता तोही शमला आणि हिस्सा जागच्या जागी राहिला, तर त्या शांतीची किंमत भावाने दिली असे म्हणावे लागेल.

ही कसोटी डिमेलोंच्या टीकाकारांस लागू आहे तशीच त्यांच्या चाहत्यांसही आहे. शुद्ध शब्दांत केलेली प्रार्थनाही पुष्कळदा कोणाचाच हिस्सा परत करीत नाही. आणि ‘साधना’ ग्रंथाच्या पहिल्या भागापाशीच थांबून जो वाचक तृप्त होतो, त्याने पुढची पाने उलटून पाहावीत. अवधान हे तेथे आरंभी आहे, शेवटी नाही. हवापालटाने प्रकृती सुधारते, यात शंका नाही. परंतु सुधारलेल्या प्रकृतीने घरी जाऊन काय करावयाचे, हे हवा सांगत नाही. ते सांगणाऱ्याचे ऐकण्यास बसणे, यासच आम्ही प्रार्थना म्हणतो.