माडीवरचे भोक

वसईकडील जुन्या घरांत माडीची जमीन फळ्यांची असते. खाली तुळया, त्यांवर सागाची तक्तपोशी. आमचे वडिलोपार्जित घर तसेच आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तेथील एका फळीला भोक पडले. घरची माणसे बाजूने जात, आम्हीही जात असू. पुढे उन्हाळ्यात पुतण्याचे लग्न निघाले. पाहुण्यांनी फादरांच्या घराची पडझड पाहू नये म्हणून आम्ही आमच्या हातांनी त्यावर चटई अंथरली.

लग्नाच्या दिवशी शेजारचा एक मुलगा धावत आला आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. नडगीला टाके घालावे लागले.

आम्ही कुणाला फसविले होते काय? खोटा शब्द तर उच्चारला नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी विचारले असते, तर हेतू, ज्ञान व परिणाम अशी फोड करून आम्ही उत्तर दिले असते. परंतु भोक उघडे होते तोवर धोका सर्वांना ठाऊक होता. चटईने तो तसूभरही घटला नाही. केवळ अजाणत्याच्या वाट्यास गेला, आणि जाणीव आमच्यापाशी राहिली. अनुवाद ग्रंथाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा अशी आज्ञा आहे. कुणी पडला तर रक्ताचा दोष घरावर येतो. घरधन्याचा हेतू तेथे विचारलेला नाही. सेमिनरीत आम्ही हे वाचले होते, घरधनी म्हणून नव्हे.

सुतारमामा आले. भुसा व सरस कालवून भोक बुजवावे, असे आम्ही सुचविले. ते हसले. "फादर, खिळ्याचं भोक असतं तर बुजवलं असतं." पटाशीच्या मुठीने ते फळी ठोकत गेले, हातभर अंतरापर्यंत आवाज पोकळ येत होता. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते. शिवाय लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मोठ्या भोकात भरलेला लगदा सुटून येतो. त्यांनी खराब भाग दोन्ही बाजूंच्या तुळयांच्या मध्यापर्यंत कापून काढला आणि जुन्या सागाचा तुकडा, रेषा फळीच्या रेषांना जुळवून, असा बसविला की त्याची दोन्ही टोके तुळयांवर टेकली. मात्र त्याआधी त्यांनी शिडी मागितली. भोकाच्या नेमके वर एक कौल तडकले होते. तेथून गळणारे पाणी फळीत मुरत होते. ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

नवा तुकडा रंगाने फिका दिसतो. पुतण्याला पॉलिशने तो एकसारखा करायचा आहे. वहिनींना वाटते, राहू द्यावा. आमच्या मते पॉलिशला हरकत नसावी. झाकणे येथेही आहेच, पण खालचे लाकूड वजन पेलते. वहिनींना हे पटलेले नाही.

तो मुलगा आता कॉलेजात जातो. माडीवर आला की अजूनही त्या तुकड्याला वळसा घालतो.