बी कुठले आणायचे?

पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभू येशू जमिनीचे चार प्रकार सांगतो. बियाण्याची काळजी तिथे नाही, ते चांगलेच आहे. आपल्याला मात्र ती आहे. उघड्या टेकडीवर पुन्हा रान उभे करायचे, तर बी कुठले? दूरच्या पावसाळी मुलखातल्या सागाचे बी स्वस्त मिळेलही, पण यवतमाळचा उन्हाळा त्याच्या ओळखीचा नाही. जवळच्या रानातले घ्यावे, आणि एकाच झाडाचे नको, अनेक झाडांचे. (टिपेश्वर अभयारण्यातले नको, तिथे कायदा आड येतो.) मोहाची बी टिकत नाही, पडली की लगेच पेरावी. मात्र तिचेच तेल आदिवासी घरांत लागते. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडा, असे लेवीय पुस्तकात देव सांगतो. तेव्हा झाडाखालची सगळी बी वेचू नका.