विद्येचे मोल आणि शिक्षकाची फी

मुलीला व्हायोलिनच्या खाजगी शिकवणीला घालायचे तर शिक्षक फी किती घेतात, असे घराघरांतून विचारले जाते. ती फी नेमकी कशाबद्दल, असे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. कारण शिक्षकाने पालकांशी किती खरे बोलावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मध्ययुगातील ख्रिस्ती पंडितांना या प्रश्नाने बराच घोर लावला होता. ज्ञान ही परमेश्वराची देणगी, म्हणून ती विकता येत नाही, असे सूत्र त्या काळी विद्वन्मंडळीत रूढ होते. पण शिक्षकालाही पोट असते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना फुकट मिळालेले फुकट द्यावयास सांगतो आणि दोनच वचनांनंतर कामकऱ्याचा अन्नावरील हक्कही मान्य करतो. पंडितांनी यातून वाट काढली ती अशी, की शिक्षक मोबदला घेतो तो श्रमाचा, ज्ञानाचा नव्हे. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने व्यवहाराची बाजू पाहिली. प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाच्या उपजीविकेची तरतूद करावी आणि त्याने त्या चर्चमधील धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवावे, असा आदेश तिने काढला.

गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत संगीतापुरती अशीच व्यवस्था कित्येक पिढ्या नांदली. चर्चचा संगीतशिक्षक, म्हणजे 'मेस्त्रे', मुलांना सोल्फा शिकवी, त्यांचा गळा तयार करून घेई आणि होतकरू पोरांच्या हाती व्हायोलिन देई. मुलांनी रविवारी व सणावारी चर्चमध्ये गावे-वाजवावे, ही त्याची परतफेड. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत पुढे जे गोवेकर वादक दिसू लागले, त्यांतील अनेकांचा पाया या शाळांत घातला गेला होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र. त्यांनी मुंबईत प्यारेलाल शर्मा यांना व्हायोलिन शिकविले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यातून या गुरूचे नाव देशभर पोहोचले, ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. अशी परतफेड फीच्या पावतीत बसत नाही.

विसाव्या शतकात त्या शाळा ओसरत गेल्या. आज वसईत काय, वांद्र्यात काय, शिकवणी बहुधा कोणाच्या तरी घरी, आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास चालते. यात गैर काही नाही. मात्र एक फरक पडला आहे. चर्चच्या पगारावरील शिक्षक पालकांचा मिंधा नव्हता. आजच्या शिक्षकाला ज्यांना खरे सांगायचे, त्यांच्याच हातून दरमहा पैसे घ्यावे लागतात.

आरंभीच्या विद्यार्थ्याबाबत हा पेच फारसा जाणवत नाही. तेथे कस लागतो तो धीराचा. बो धरताना अंगठा वाकलेला राहावा, करंगळी दांडीवर हलकेच टेकावी, चार मोकळ्या तारांवर बो सरळ चालावा, एवढ्यातच महिने जातात. सतारीसारखे व्हायोलिनवर पडदे नसतात; बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो, म्हणून बोटाच्या आधी कान घडवावा लागतो. (मूल वाढेल तसे पाव, अर्धे, पाऊण अशा मापांचे व्हायोलिन बदलावे लागते, हे पालकांना अगोदर सांगितलेले बरे!) जपानच्या शिनिची सुझुकी यांनी तर आईवडिलांनाच शिकवणीत बसविले आणि प्रतिभा जन्मजात नसते, असे आग्रहाने मांडले. त्यांचे मत आम्हांला पूर्णपणे पटत नाही. परंतु पहिली दोन-तीन वर्षे शिक्षकाने ते खरे धरूनच चालावे.

मूल थोडे पुढे गेले, की पेच सुरू होतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या, तसेच १८८९ मध्ये तेथेच स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा आपल्याकडे लोकप्रिय आहेत. श्रेणी आठवीपर्यंत असतात. परीक्षा वाईट नव्हेत, त्यांनी अभ्यासाला शिस्त लागते. पण ठरावीक तीन रचना वर्षभर घोटून मुलगा एक एक श्रेणी चढतो आणि रविवारी गायकवृंदात नवे गीत समोर ठेवले, की थिजतो. पालकांना प्रमाणपत्र हवे होते, शिक्षकाने ते मिळवून दिले. श्रमाचा मोबदला येथे संपतो व विक्री सुरू होते, असे आम्ही मानतो.

खरे बोलण्याचे प्रसंग दोन. पहिला, मुलीला देण्यासारखे आपल्यापाशी आता उरले नाही, हे शिक्षकाला कळते तेव्हाचा. गुरू बदलणे म्हणजे गुरुद्रोह, ही आपली समजूत अशा वेळी आड येते. बेथोव्हेन १७९२ मध्ये व्हिएन्नाला हायडन यांच्याकडे शिकावयास आला. १७९४ मध्ये हायडन लंडनला गेल्यावर तो आल्ब्रेख्ट्सबर्गर यांच्याकडे काउंटरपॉइंट शिकला. १७९६ मध्ये आपले तीन पियानो सोनाटा प्रसिद्ध करताना त्याने ते हायडन यांनाच अर्पण केले.

दुसरा प्रसंग अधिक अवघड. मूल मनापासून शिकते आहे, पण वादक म्हणून नाव काढणार नाही. म्हणून शिकवणी थांबवावी, असे आम्ही म्हणणार नाही. गायकवृंदात दुसरे व्हायोलिन वाजविणाराही लागतोच आणि तो आनंद खोटा नसतो. परंतु दागिने गहाण ठेवून आईवडील त्याला परदेशी पाठविण्याची स्वप्ने पाहत असतील, तर मौन बाळगून फी घेत राहणे हे आमच्या मते असत्यच होय. श्रमाचा मोबदला घेणाऱ्याला हे सांगता येते. आशा विकणाऱ्याला येत नाही.

लॅटरन परिषदेच्या आदेशातील गरीब विद्यार्थ्याचा भाग मात्र आपण पार विसरलो आहोत. सणाच्या रोषणाईवर आणि बँडवर धर्मग्रामात जो खर्च होतो, त्यातून थोडे बाजूला काढून एका शिक्षकाचे मानधन दिले, तर चार-पाच मुलांची सोय होईल. त्यांची निवड करताना चाचणी घेऊ नये. ज्या घरात वाद्य कधी आलेच नाही, तेथून आरंभ करावा. तथापि, कमिटीतील कोणाच्या मुलाचे खोटे कौतुक करण्याची पाळी या शिक्षकावर येणार नाही, ही जबाबदारी कोणी घ्यायची, ते मानधनाचा आकडा ठरविण्यापूर्वी ठरवावे लागेल.