न पाहिलेल्या ग्रंथाची साक्ष

संशोधननिबंधातील संदर्भांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना होते. एक टोक तंत्राचे : आडनाव आधी की नाव आधी, स्वल्पविराम कोठे, पृष्ठांक कसा. दुसरे टोक चौर्याचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी या दुसऱ्या टोकाला आकडे दिले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यास नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य तर मोजणीतून वगळलेले. ही मोजणी निरर्थक आहे असे नव्हे. परंतु ती शब्दांची मोजणी आहे, आणि ज्या अपप्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे त्यात कोणाचा शब्द चोरलेला नसतो.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. 'व्यवहारमयूखा'च्या संपादनासाठी धर्मशास्त्राचा परिचय करून देणारे एक प्रकरण लिहावे, या संकल्पातून तो वाढत गेला. त्याच्या तळटिपांत मूळ संस्कृत वचने विपुल आहेत. ग्रंथालयापासून दूर असलेल्या वाचकाला मूळ वचन त्याच पानावर मिळते, हा त्या तळटिपांचा मोठा उपकार. आणि मोहाचे स्थानही तेच.

समजा, एखादा पदव्युत्तर विद्यार्थी स्त्रीधनावर निबंध लिहीत आहे. काण्यांच्या तिसऱ्या खंडात त्याला याज्ञवल्क्याचे वचन व त्यावरील 'मिताक्षरे'चे मत सापडते. तो आपल्या टिपेत लिहितो, 'याज्ञवल्क्यस्मृती २.१४३, मिताक्षरा टीका'. वचन बिनचूक, अंक बिनचूक. काण्यांचे नाव मात्र कोठेच नाही. हे असत्य आहे काय?

नाही, असे म्हणणाऱ्याचा युक्तिवाद दुबळा नाही. विज्ञानेश्वराचे वाक्य विज्ञानेश्वराचे आहे, त्यावर काण्यांचा हक्क कसला? साहित्यशास्त्राकडे गेलो तरी हा प्रश्न सुटत नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण व अर्थहरण यांचे भेदोपभेद बारकाईने केले. आनंदवर्धनाने दोन काव्यांतील संवादाचे प्रतिबिंब, आलेख्य आणि तुल्यदेही असे तीन प्रकार मानले. पण ही सारी मांडणी दोन कृतींमधील साम्याची आहे. कवीने घेतलेल्या अर्थाला नवे शरीर दिले की त्याची सुटका होते, कारण कवी साक्षीदार नसतो. संशोधक असतो. त्याची तळटीप मूळ लेखकाला वाहिलेले फूल नव्हे. 'हे मी येथे पाहिले, तुम्हीही जाऊन पाहा' असे ते निवेदन असते. त्यातील 'मी पाहिले' हा भाग खोटा असेल तर वचन खरे असूनही निवेदन खोटे ठरते. काणे स्वतः वकील होते. तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे हा १८७२ च्या पुरावा कायद्याचा दंडक त्यांच्या परिचयाचाच असणार. त्या कायद्याच्या जागी २०२४ पासून आलेल्या अधिनियमातही तो दंडक टिकून आहे.

शिवाय हे केवळ तत्त्वाचे भांडण नाही. वरच्याच वचनात मिताक्षराकाराने 'आद्य' हा शब्द वाचला आणि त्याच्या बळावर वारसाने, खरेदीने, वाटणीने आलेले धनही स्त्रीधनात घातले. जीमूतवाहनाच्या 'दायभागा'त हा पाठ नाही. तेथे 'आद्य'च्या ठिकाणी 'चैव' येते. एका शब्दावर स्त्रीच्या मिळकतीची व्याप्ती ठरली. अशा स्थितीत 'याज्ञवल्क्य २.१४३' एवढेच लिहिणारा कोणता याज्ञवल्क्य सांगत आहे? ज्याने पोथी वा छापील आवृत्ती उघडली नाही त्याला हा प्रश्नच पडत नाही. आणि असे तिघे लिहू लागले की वाचकाला तीन स्वतंत्र साक्षी दिसतात. वस्तुतः साक्षीदार एकच, काणे. त्यांच्या टिपेत मुद्रणदोष असेल तर तोही तीन साक्षींनी सिद्ध होतो.

येथवर दोष विद्यार्थ्याचा. पण तो रत्नागिरीत बसून लिहीत असेल तर? या गावाला ग्रंथांचे वावडे नाही. येथील नगर वाचनालय १८२८ चे आहे. मात्र धर्मशास्त्राच्या टीकाग्रंथांचा संग्रह ही वेगळी गोष्ट. खुद्द काणे याच जिल्ह्यातले, काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. परंतु त्यांचे ग्रंथकार्य उभे राहिले ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या आणि पुण्याच्या संग्रहांवर. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे 'मिताक्षरा, काणे यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे लिहिले, तर परीक्षक त्यापुढे 'दुय्यम साधन' असा शेरा मारतो. संदर्भसूचीची लांबी पाहून समाधान पावणारा हा परीक्षक त्या असत्याचा भागीदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरे बोलण्याचा दंड ज्याच्याजवळ ग्रंथ नाहीत त्यालाच भरावा लागतो. मुंबईच्या अभ्यासकाला तो भरावा लागत नाही. काण्यांच्या बोटाला धरून तो मूळ ग्रंथापर्यंत जातो, पान पाहतो, आणि वाट दाखवणाऱ्याला विसरतो. त्याचे निवेदन खोटे नसते. कृतघ्न असते. ज्ञानेश्वरांनी भाष्यकारांना वाट विचारल्याचे ग्रंथाच्या अखेरीस सांगितले. हे भाष्यकार कोण, यावर पुढे अभ्यासकांनी वाद घातले ही गोष्ट निराळी. ऋण मान्य करणे आणि पडताळता येईल असा निर्देश करणे यांत अंतर आहे, आणि निबंधलेखकाला दोन्ही करावे लागते.

आता अनेक जुन्या आवृत्त्यांच्या प्रतिमा संगणकावर मिळतात, तेव्हा अंतराची सबब उरली नाही असे कोणी म्हणेल. ती कमी झाली हे खरे. पण शोधयंत्राने काढून दिलेली एक ओळ पाहणे म्हणजे ग्रंथ पाहणे नव्हे. तेथेही मागचे-पुढचे पान उघडावेच लागते. म्हणून मौखिकीत परीक्षकाने 'हे कोठे पाहिलेत?' असे अवश्य विचारावे, आणि 'काण्यांत' असे उत्तर आले तर गुण कापण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारावा : कोणत्या खंडात, आणि त्याच पानावर काण्यांनी आणखी कोणाचा विरुद्ध पाठ दिला आहे?