चाकाची मागची बाजू

विषय हसण्यासारखा आहे. गाडीचं चाक.

गिरणीची रात्रपाळी सुटली की मी हजेरीनं गाड्या धुवायला जातो. तिथं शौकीन लोकांच्या गाड्या येतात. कंपनीची चाकं काढून नक्षीदार अलॉय बसवलेल्या. समोरून चांदी, मागून काजळी.

ही काजळी नुसती रस्त्याची नव्हे. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतं. त्याचा तापलेला भुगा उडून रिंगच्या पोटाला, आऱ्यांच्या पाठीला, नटांच्या खोबणीत चिकटून बसतो. पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. मग लोखंड सोडवणारं औषध मारायचं, तेही चाक गार झाल्यावर. लोखंडाला लागलं की ते जांभळं होऊन रक्तागत ओघळतं. वास घाणेरडा. वाळायच्या आत घासून धुवायचं. ब्रश शिरत नाही तिथं फडकं गुंडाळलेलं बोट. म्हणून मालकाला बारीक हाताची पोरं लागतात. आमची गुणवत्ता ती हीच!

आणि पॉलिश. उघड्या ॲल्युमिनियमवर घासलं की फडकं काळं होतं. गाडीवाल्याला वाटतं घाण निघाली. घाण कसली, धातूच झिजून येतो.

इंग्लंडच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात लहान पोरं चालू यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करायची. बारीक अंगाची म्हणून. त्यांना म्हणत 'स्कॅव्हेंजर'. आपल्या २०१३ सालच्या कायद्याच्या इंग्रजी नावात तोच शब्द बसलाय. तिथलं पोर अंगानं वाढलं की यंत्राखालून सुटायचं. आपल्याकडं वाढून काय उपयोग? याला श्रमविभागणी म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर दिलंय. ते तुम्हाला पाठ आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. जोडीदार म्हणतो, मागची बाजू सोड, कोण बघतंय? मला सोडवत नाही. आऱ्याची पाठ लख्ख झाली की बरं वाटतं. हे बरं वाटणं माझं, की माझ्यात कुणी पेरलेलं? आपल्या बापजाद्यांना चांगलं काम करा, पुण्य लागेल, असं सांगणाऱ्यांनी याच बरं वाटण्यावर पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलं.

पण अमेरिकेत कितीतरी गाडीवाले सुट्टीच्या दिवशी स्वतःच लांब ब्रश घेऊन ह्याच फटी घासतात. छंद म्हणून. तोच भुगा, तोच वास. त्यांना कुणी हलकं म्हणत नाही. म्हंजे हलकेपणा घाणीत नाही. त्याला कंटाळा आला तर तो ब्रश ठेवून चहाला जातो. मी ठेवला तर हजेरी जाते. आनंद दोघांचा एकच असेल कदाचित, तो मला टाकायचा नाही. पण त्याच्या बदल्यात हात द्यायचा का?

गेल्या महिन्यात मालकानं बिनचिठ्ठीचा कॅन आणला. चाक धुवायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. पातळ असलं तर लगेच आग होत नाही, काही तासांनी होते. तोवर ते कातडीतून आत, पार हाडापर्यंत उतरू शकतं. मी विचारलं, यात काय आहे? हातमोजे द्या.

मालक हसला. "तुमच्या हाताला सवय असते की."

मी एकटाच उभा होतो. तो 'तुमच्या' म्हणाला.

ब्रश बादलीत टाकला नि निघालो. त्या दिवसाची हजेरी गेली. चौथ्या चाकाची समोरची बाजू झाली होती, मागची राहिली होती. अजून मधेच ती आठवते नि बोटं शिवशिवतात, याचा मला राग येतो.